पाचारण (ख्रिस्ती) : विश्वास व क्षमेचा आचार

पाचारण : देवाने माणसाला हाक मारून बोलावणे आणि त्या हाकेला शोभेल असे माणसाने जगणे, या दोन्ही अर्थांनी मराठी ख्रिस्ती समाजात वापरला जाणारा शब्द. रोजच्या बोलीतून तो जवळजवळ गेला आहे. वर्तमानपत्रांत आज पाचारण होते ते अग्निशामक दलाला, नाहीतर लष्कराला. मराठी बायबल, उपासनेची पुस्तके आणि रविवारचे प्रवचन यांत मात्र तो अजून चालू नाण्यासारखा खणखणीत आहे. अग्निशामक दलाच्या बातमीतली निकड त्याच्या धार्मिक अर्थालाही शोभते. बोलावणे आले की निघायचे, सवडीने नव्हे.

बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द क्लेसिस. मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, तिथे जो शब्द येतो, एक्लेसिया, तोही ‘बोलावणे’ याच धातूचा. म्हणजे मंडळी ही आधी बोलावलेल्यांची जमात आहे, इमारत नंतर. पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रेषित पौल याने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय या विषयाचा पाया मानला जातो. कैदेत असलेला पौल सुरुवातीलाच विनवतो की, तुम्हाला झालेल्या पाचारणाला शोभेल असे चाला. अध्यायाच्या शेवटच्या ओळीत तो एकमेकांना क्षमा करायला सांगतो, कारण देवाने तुम्हाला क्षमा केली आहे. मधल्या ओळींत नम्रता आहे, सोसणे आहे, खोटे न बोलणे आहे, चोराने चोरी सोडून हाताने कष्ट करणे आहे आणि सूर्य मावळेपर्यंत राग न ठेवणे आहे. पाचारणापासून निघालेली वाट क्षमेपाशी पोचते, ही या अध्यायाची रचनाच बोलकी आहे.

मध्ययुगीन युरोपात पाचारण म्हणजे मठात जाणे किंवा याजक होणे असा अर्थ रूढ झाला. सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तो मोडला. चांभार, शेतकरी, आई, न्यायाधीश यांचे काम हेही देवाने सोपवलेले पाचारणच, असे त्याने ठासून मांडले. कॅथलिक बाजूनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) पावित्र्याचे बोलावणे सर्वांनाच आहे, ते फक्त फादर-सिस्टरांना नाही, असे स्पष्ट केले.

ल्यूथरच्या या विचाराला पौलाच्याच एका वाक्याचा आधार होता : ज्या स्थितीत पाचारण झाले त्याच स्थितीत प्रत्येकाने राहावे (१ करिंथ ७:२०). हे वाक्य जर्मनीत एक सांगते, महाराष्ट्रात दुसरे. इथे गावकीने आणि बलुत्याने माणसाचे काम जन्माआधीच ठरवून ठेवले होते. पुण्यातल्या अनेक मराठी ख्रिस्ती घराण्यांची मुळे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आहेत, आणि त्यांतले बरेच पूर्वज महार किंवा मांग समाजातले होते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो, इतर कारणांबरोबर, नेमून दिलेल्या स्थितीतून बाहेर पडण्यासाठी. त्यांची पुढची पिढी शाळामास्तर, नर्स, रेल्वेतले कारकून, पाळकसाहेब (प्रॉटेस्टंट धर्मगुरू) झाली. अशा मंडळीसमोर ‘आहात तिथेच राहा’ हे वाक्य एकटे वाचू नये. त्याच्या पुढच्याच ओळीत पौल गुलामाला सांगतो की, मोकळे होता येत असेल तर ती संधी घे.

पुण्यात या समाजाचे ठाणे जुने आहे. सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ मध्ये, पेशव्यांच्या चाकरीतल्या गोवेकर कॅथलिकांसाठी क्वार्टर गेटजवळ पहिले चर्च उभे राहिले. आज लोक त्याला सिटी चर्च म्हणतात. कॅम्पातले सेंट मेरीज १८२५ चे, तर गुरुवार पेठेतले पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय १८८५ चे. कॅम्पातली देवळे साहेबांची म्हणून बांधली गेली. पंचहौदचे देवालय पेठेत, वाड्यांच्या शेजाराला आले आणि तिथली उपासना मराठीत रुजली. ‘पाचारण’ या शब्दाचा जुना, मठ-याजकांचा अर्थ धर्मगुरू घडवणाऱ्या शहरातल्या दोन सेमिनऱ्यांत अजून दिसतो. नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून बिबवेवाडीला आली. ‘मला पाचारण झालं’ हे वाक्य या दोन्हीकडे आजही बहुधा पूर्णवेळ सेवेसाठीच उच्चारले जाते. आपल्या नोकरीबद्दल ते म्हणणारा बँकेतला माणूस अजून विरळाच. ल्यूथरची शिकवण आपल्याकडे प्रवचनात पोचली, बोलण्यात तेवढी नाही.

विश्वास : प्रॉटेस्टंट मंडळी ‘विश्वास’ म्हणते, कॅथलिक बहुतेक वेळा ‘श्रद्धा’, एकाकडे ‘विश्वासणारे’, दुसऱ्याकडे ‘श्रद्धावंत’. फरक केवळ शब्दांचा नाही. विश्वासात व्यवहाराची छटा आहे. समोरच्याने शब्द दिला आहे आणि तो पाळेल, यावर टेकून पाऊल टाकणे. श्रद्धेत वृत्तीची छटा अधिक. पाचारणाच्या संदर्भात पहिली छटा जास्त कामाची, कारण बायबलमधला मूळपुरुष अब्राहाम बोलावणे आले तेव्हा ‘कुठे जायचे हे न कळता निघाला’. कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, असे याकोबाच्या पत्राने बजावले आहे. ल्यूथरला ते पत्र फारसे आवडत नसे, हेही नोंदवायला हवे.

क्षमा : येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली क्षमेची ओळ मराठीत हिशेबाच्या भाषेत येते. आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे सोड (मत्तय ६:१२). लहानपणी पाठ केलेल्या मुलाला हे सावकाराचे बोलणे वाटते, आणि त्यात चूक नाही. येशूच्या अरामी बोलीत ‘होबा’ हा एकच शब्द कर्ज आणि पाप या दोहोंसाठी होता. ग्रीक क्रियापद अफिएमि म्हणजेही सोडून देणे, जाऊ देणे. या प्रार्थनेत रोजची भाकर मागताना अट नाही, वाइटापासून सुटका मागताना अट नाही. अट आहे ती एवढ्या एका मागणीला.

हाच हिशेब पुढे येशूच्या एका दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, येतो (मत्तय १८). भावाला सात वेळा क्षमा करू का, असे त्याचा शिष्य पेत्र विचारतो. येशू सांगतो, सात नव्हे, साताच्या सत्तरपट. मग गोष्ट : एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांतांचे कर्ज असते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी झाली, म्हणजे फिटण्याचा प्रश्नच नाही. राजा ते सोडून देतो. बाहेर पडताच हा चाकर शंभर दिनार देणे असलेल्या सोबत्याची नरडी धरतो. शंभर दिनार ही काही चिल्लर नव्हे, तीन महिन्यांची कमाई आहे. दाखल्याची धार इथेच आहे. आपल्यावर झालेला अन्याय खोटा किंवा क्षुल्लक आहे असे येशू म्हणत नाही. तो फक्त शेजारी दुसरा आकडा मांडतो. फिलेमोनला लिहिलेल्या पत्रात पौलही हीच भाषा वापरतो. पळून आलेल्या अनेसिम या दासाचे काही देणे असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, असे तो धन्याला कळवतो.

पेठांतल्या पुण्याला पापाच्या हिशेबाची एक वेगळी पद्धत चांगली ठाऊक होती, ती म्हणजे प्रायश्चित्त. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि मिशनमधल्या त्या चहावरून गावात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले. हा किस्सा सहसा सुधारक-सनातनी वादाचा म्हणून सांगतात. आपल्या विषयासाठी त्यात दुसरे काही आहे. प्रायश्चित्तात चुकलेला माणूस आधी किंमत मोजतो, मग समाज त्याला पंक्तीत घेतो. ख्रिस्ती शिकवणीत क्रम उलटा आहे; ऋण आधी सुटते आणि जगणे बदलायचे ते त्यानंतर. कॅथलिकांच्या प्रायश्चित्त संस्कारातही फादर नेमून देतात ती प्रार्थना किंवा कृती पापमुक्तीची किंमत मानली जात नाही. प्रत्यक्षात मंडळीतले लोकही मनातून पहिलाच क्रम धरून चालतात. ‘त्यानं आधी येऊन माफी मागावी, मग बघू’ हे वाक्य कोणत्याही धर्माच्या घरात सारखेच ऐकू येते.

क्षमा म्हणजे मवाळपणा, हा समज पुणे जिल्ह्यातल्याच एका चरित्रापुढे टिकत नाही. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. मुंबईत १८८९ मध्ये काढलेले शारदासदन, विधवांसाठीचे निवासी विद्यालय, त्यांनी पुढच्या वर्षी पुण्यात आणले. मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून १८९३ मध्ये वादळ उठले. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दुसऱ्या बाजूने वाँटेजच्या सिस्टरांशीही अधिकाराच्या प्रश्नावर त्यांचे खटके उडत होते, कारण हाक देवाची असेल तर मधल्या कोणाच्या परवानगीने विचार करायचा हे त्यांना मान्य नव्हते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार विधवा व मुलींना घेऊन आल्या. दौंडच्या वाटेवर केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथल्या बायका शेती करत, विणत, छापखान्यात खिळे जुळवत. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हे वेगळे घर होते. क्षमेचा याहून ठोस पत्ता त्या काळच्या महाराष्ट्रात शोधावा लागेल. शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर पुरे केले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, त्यानंतर वर्षाच्या आत त्याही गेल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) पुण्याचे नव्हेत, पण त्यांच्या पद्यांशिवाय पुण्यातली मराठी उपासना होत नाही. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. देहू-आळंदीच्या जिल्ह्यात या बोलण्याला वेगळे वजन आहे. दया-क्षमा-शांती हा शब्दसमूह वारकरी परंपरेने आधीच घरोघर पोचवला होता, मिशनऱ्यांना तो नव्याने घडवावा लागला नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे चालत. पाचारण पगारपत्रकावर मावत नाही, हे त्यांनी वयाच्या छपन्नाव्या वर्षी ठरवले.

आचार : प्रॉटेस्टंट उपासनेत प्रभुभोजनाआधी (भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीआधी) सामुदायिक पापांगीकार होतो आणि पाळकसाहेब क्षमेची घोषणा करतात. कॅथलिकांच्या मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी एकमेकांना शांती दिली जाते, नमस्कार करून किंवा हात मिळवून. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, ही येशूची आज्ञा (मत्तय ५) यामागे आहे. घरात संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळे एकत्र बसतात, तेव्हा दुपारचे भांडण मनात ठेवून ‘ऋण सोड’ म्हणणे जड जाते. मोठ्या माणसांना तर मुलांसमोर फारच. नाताळाच्या फराळाचे ताट, ज्यात करंजी आणि चिवडा असतोच, न बोलणाऱ्या नातेवाइकाकडे पाठवणे हीही समेटाची एक रीत. ताट घेतले गेले की अर्धे काम झाले. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचने होतात. त्यांतला पहिला उद्गार म्हणजे मारणाऱ्यांसाठी पित्याकडे मागितलेली क्षमा.

मर्यादा : क्षमेचा उपदेश नेहमी दुबळ्याच्याच वाट्याला येतो, ही तक्रार खरी आहे. मार खाणाऱ्या बाईला ‘सोस, क्षमा कर’ सांगून परत त्याच घरात पाठवणे म्हणजे पौलाचा अर्धाच अध्याय वाचणे. क्षमेने सूड सोडला जातो. सावधपणा किंवा पोलिसांत जाण्याचा हक्क सोडला जात नाही. समेटाला दोघे लागतात, क्षमेला एकही पुरतो, म्हणून क्षमा झाली तरी समेट होईलच असे नाही. मंडळ्यांनीही स्वतःकडे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. भावाने भावाला कोर्टात खेचू नये, असे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले होते. जमीनजुमला आणि विश्वस्तपदांवरून कोर्टाच्या तारखा सांभाळणाऱ्या विश्वस्तांना ते पत्र आजही वाचून दाखवावे लागते. लग्न जुळवताना पूर्वजांची जात हळूच विचारली जाते, तोही न सुटलेल्या ऋणाचाच भाग.

अलीकडच्या उदाहरणांत दोन वारंवार सांगितली जातात. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलग्यांना जिवंत जाळण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले, आणि खटला त्याच्या मार्गाने चालला. मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांची १९९५ मध्ये धावत्या बसमध्ये हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आली. तुरुंगातून सुटल्यावर तो माणूस राणी मारियांच्या केरळातल्या घरी त्यांच्या आईला भेटायला गेला.