एक कंट्रोलर, अनेक प्रोग्राम

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात रोबोट चालताना पाहिला, तर लक्ष वेधून घेते ती त्याची हलणारी भुजा. पण त्याच वेळी कंट्रोलरला, म्हणजे रोबोट चालवणाऱ्या संगणकाला, कन्व्हेयरवरचे सेन्सर वाचायचे असतात, कॅमेऱ्याची माहिती घ्यायची असते, वस्तू पकडणाऱ्या ग्रिपरमधला हवेचा दाब तपासायचा असतो. ही सारी कामे भुजा हलवणाऱ्या प्रोग्राममध्येच कोंबली, तर तो एखाद्या सिग्नलसाठी थांबताच बाकीची कामेही अडून राहतात. म्हणून कंट्रोलरवर मल्टिटास्किंगची, म्हणजे अनेक प्रोग्राम एकाच वेळी चालवण्याची सोय असते; अशा प्रत्येक प्रोग्रामला टास्क म्हणतात. कुका या कंपनीच्या रोबोटवर सबमिट इंटरप्रिटर आणि फॅनुक कंपनीच्या रोबोटवर बॅकग्राउंड लॉजिक हीच गरज भागवतात, तर एबीबी कंपनीच्या आयआरसी-५ कंट्रोलरवर जास्तीत जास्त २० टास्क चालवता येतात.

या टास्क एकाच वेळी चालताना दिसत असल्या, तरी प्रत्यक्षात प्रोसेसर त्यांना आळीपाळीने थोडा थोडा वेळ देतो. त्यामुळे पार्श्वभूमीतल्या टास्कमध्ये अखंड फिरणारे लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) असेल, तर त्यात थोड्या विश्रांतीची सूचना घालणे आवश्यक असते. नाहीतर ते लूप इतरांचा वेळ विनाकारण खाते.

एबीबीवर टास्कची नोंद कॉन्फिगरेशनमध्ये (कंट्रोलरच्या मांडणीत) करताना तिचा प्रकार ठरवावा लागतो. नॉर्मल टास्क स्टार्ट-स्टॉपच्या बटणांना प्रतिसाद देते. स्टॅटिक आणि सेमिस्टॅटिक टास्क आपोआप सुरू होतात. कंट्रोलर पुन्हा चालू केल्यावर स्टॅटिक टास्क होती तिथून पुढे जाते, तर सेमिस्टॅटिक पहिल्या ओळीपासून सुरू होते. प्रोग्राम लिहून तपासून होईपर्यंत प्रत्येक टास्क नॉर्मलच ठेवावी, कारण आपोआप चालणारी टास्क थांबवून दुरुस्त करणे कटकटीचे असते.

खरी कसोटी लागते ती सामायिक माहितीच्या बाबतीत. दोन्ही टास्कमध्ये एकाच नावाचे आणि एकाच प्रकारचे पर्सिस्टंट व्हेरिएबल (मूल्य टिकवून ठेवणारी नावाची जागा) जाहीर केले, की दोघींना तेच मूल्य दिसते. समजा, कॅमेऱ्याची टास्क उचलायच्या तुकड्याची जागा, म्हणजे क्ष, य आणि कोन, एकामागून एक लिहीत आहे आणि क्ष लिहून झाल्याबरोबर प्रोसेसर भुजेच्या टास्ककडे वळला. अशा वेळी भुजेला नवा क्ष आणि जुना य मिळतो आणि ती जिथे तुकडाच नाही अशा जागी जाते. ही चूक क्वचितच घडत असल्यामुळे चाचणीत बहुधा सापडत नाही, आणि म्हणूनच ती मला सर्वांत धोक्याची वाटते.

यावरचा उपाय म्हणजे कुलूप, म्हणजेच माहिती एका टास्कच्या हातात असताना दुसरीला थांबवणारी खूण. साध्या 'जर'ने कुलूप तपासून पुढच्या ओळीत ते लावले, तर त्या दोन ओळींच्या मध्ये दुसरी टास्क शिरू शकते; म्हणून एबीबीच्या रॅपिड या प्रोग्रामिंग भाषेत 'टेस्टअँडसेट' ही सूचना तपासणे आणि लावणे एकाच अभंग पायरीत करते. एकमेकांत गुंतलेल्या प्रक्रियांचा हा प्रश्न डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांनी १९६५ सालीच काटेकोरपणे मांडला होता. भुजेच्या टास्कने कुलूप मिळताच तिन्ही मूल्ये स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यावीत, कुलूप लगेच सोडावे आणि मगच हालचाल सुरू करावी. कुलूप धरून हालचाल केल्यास कॅमेऱ्याची टास्क तेवढा वेळ ताटकळते. याच्या जोडीला पाळायची शिस्त म्हणजे प्रत्येक व्हेरिएबल लिहिण्याचा अधिकार एकाच टास्ककडे ठेवणे.

इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर भुजा थांबते, पण स्टॅटिक आणि सेमिस्टॅटिक टास्क चालूच राहतात. त्यांच्या ताब्यातल्या आउटपुटने (उपकरणांना जाणाऱ्या सिग्नलने) त्या क्षणी ग्रिपर उघडू नये, ही काळजी प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच घ्यायची असते; माणसांच्या सुरक्षेचा भार मात्र कोणत्याही टास्कवर न टाकता स्वतंत्र सुरक्षा-सर्किटवरच ठेवावा लागतो.