पार्श्वभूमी : ‘ग्रांद जात’चा पिवळा रंग

झॉर्झ सरा या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ला ग्रांद जात बेटावरील रविवार’ या चित्राला सगळेच बिंदुवादाचा, म्हणजे शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी देऊन रंगवण्याच्या पद्धतीचा, नमुना म्हणतात. पण शिकागोच्या संग्रहालयात त्याच्यासमोर जवळ उभे राहिले, की ठिपक्यांच्या खालून फटकारे डोकावतात. २०७ × ३०८ सेंमीच्या या कॅनव्हासवर १८८४-८५ मध्ये जे काम झाले, त्यात ठिपके नव्हतेच. गवत तिरक्या, एकमेकांना छेदणाऱ्या फटकाऱ्यांत, पाणी आडव्या, झाडांची खोडे उभ्या. मार्च १८८५ मध्ये ज्या प्रदर्शनासाठी ते तयार झाले, ते प्रदर्शनच बारगळले. मग ऑक्टोबरपासून सराने चित्र पुन्हा हाती घेतले. आकृत्यांच्या कडा थोड्या फुगवल्या आणि वरून शुद्ध रंगांचे बारीक ठिपके दिले. मे १८८६ मध्ये ते दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात लागले. भोवतीची रंगीत ठिपक्यांची किनार १८८८-८९ मधली. तिला जागा व्हावी म्हणून कॅनव्हास नव्याने ताणून बसवावा लागला.

घोळ आहे तो ऑक्टोबरनंतर वरून दिलेल्या या ठिपक्यांच्या रंगांत. उन्हातल्या गवतासाठी सराने झिंक यलो, म्हणजे झिंक पोटॅशियम क्रोमेट, वापरला. नुसता पिवळा म्हणून, हिरव्यात मिसळून पोपटी म्हणून आणि शेंदरीत मिसळून नारिंगी म्हणून. या रंगद्रव्याचा दोष असा, की ते पाण्यात थोडे विरघळते. दमट हवा, उजेड आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड मिळून त्यातल्या क्रोमियमचे क्षपण होते, म्हणजे त्याचे रासायनिक रूप बदलते. परिणामी पिवळ्याचा मातकट तपकिरी, पोपटीचा शेवाळी आणि नारिंगीचा विटकरी होतो. निळा आणि लाल मात्र टिकून राहतात, म्हणजे सारा तोलच बिघडतो. ज्या ठिपक्यांनी ऊन दाखवायचे, तेच आता गवतावरचे डाग वाटतात. याला शतक लागले असे कोणी समजू नये. १८९२ मध्येच, सराच्या मृत्यूनंतर साधारण वर्षभराने, त्याचीच बाजू घेणाऱ्या एका समीक्षकाने ही तक्रार छापली होती.

मग रंग परत आणायचा का? मूळ चित्रावर हात फिरवणे हा मार्ग नाही, कारण काळवंडलेला ठिपका हेही सराचेच रंगद्रव्य आहे. त्यावर नवा पिवळा चढवला, तर चित्र दुरुस्तीकाराचे होईल. म्हणून २००४ च्या सुमारास चित्राची संगणकीय प्रतिकृती करून त्यात पिवळा उजळवला गेला. तिच्यात उन्हाचा पट्टा सावलीपासून स्वच्छ सुटतो, माकडाला दोरीने धरलेली बाई आणि रिबीन बांधलेला पग कुत्रा ज्या गवतावर आहेत त्याला खोली येते. तरी तो अंदाजच. मूळ छटा नेमकी किती तेज होती, हे ताज्या रंगाच्या नमुन्यांवरून ठरवलेले आहे. प्रतिकृती मूळ चित्राशेजारी कायमची लावावी असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही, प्रेक्षक मग उजळ प्रतच बघत राहतो.

चित्र प्रदर्शनांसाठी बाहेर पाठवायचे का, हा प्रश्न तुलनेने सोपा. १९५८ मध्ये हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शनासाठी गेले असता त्या संग्रहालयाला आग लागली. एक कामगार दगावला, दुसरी काही चित्रे जळाली, हे मात्र वेळेत शेजारच्या इमारतीत हलवले गेले. तेव्हापासून ते बाहेर दिले जात नाही.