प्रोफोंदो रोस्सो

दारिओ आर्जेंतो यांचा मार्च १९७५ मध्ये प्रदर्शित झालेला इटालियन रहस्यपट. नावाचा अर्थ ‘गडद लाल’. प्रकार मात्र ‘जाल्लो’, म्हणजे पिवळा. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ पासून पिवळ्या वेष्टनात रहस्यकथा काढल्या आणि तो रंगच पुढे खूनकथांना नाव म्हणून चिकटला.

रोममध्ये राहणारा इंग्रज पियानोवादक मार्कस (डेव्हिड हेमिंग्ज) रात्री चौकात आपल्या झिंगलेल्या मित्राशी बोलत उभा असतो. वरच्या खिडकीत एका बाईचा खून होताना त्याला दिसतो. तो जिन्याने धावत वर जातो, भिंतभर चित्रे लावलेल्या बोळातून तिच्यापर्यंत पोचतो. मागाहून त्याला राहून राहून वाटते, त्या बोळातले एक चित्र कुठे गेले? खरे तर ते चित्र नव्हतेच. तो आरसा होता आणि त्यात खुनी माणसाचा चेहरा. हा चेहरा पडद्यावर क्षणभर चक्क दाखवलेला आहे. प्रेक्षक मार्कसइतकेच पाहतो आणि त्याच्यासारखाच फसतो. शेवटच्या रिळात पोतडीतून पुरावा काढणारे रहस्यपट पैशाला पासरी, इथे तो पहिल्याच खुनाला समोर ठेवलेला असतो. चेहरा कोणाचा, हे मात्र इथे सांगणे पाप.

कथा रोमची असली तरी चित्रीकरण बरेचसे तुरीनचे. चौकात उभारलेला बार एडवर्ड हॉपर यांच्या ‘नाइटहॉक्स’ या चित्रावर बेतलेला. आतली गिऱ्हाइके पुतळ्यासारखी निश्चल. संगीत जॅझकार जॉर्जो गास्लीनी आणि ‘गोब्लिन’ हा रॉक बँड यांचे. काळ्या हातमोज्यांतले खुनी हात खुद्द आर्जेंतो यांचे.

परदेशी आवृत्तीत वीसेक मिनिटे कापली गेली. कात्री मुख्यतः मार्कस आणि पत्रकार जान्ना (दारिया निकोलोदी) यांच्या चेष्टामस्करीवर चालली. तिच्या खटारा मोटारीतली त्याची सीट इतकी खचलेली, की तो तिच्या खांद्याखाली बसतो! ही थट्टा गेली की उरते नुसती कापाकापी, म्हणून पाहायची तर पूर्ण इटालियन आवृत्तीच.

सर्वांत सुबक धागा न्हाणीघरातला. कढत पाण्याने मारली जाणारी बाई शेवटच्या शक्तीने वाफाळलेल्या भिंतीवर बोटाने काही लिहिते. वाफ विरते, अक्षरे दिसेनाशी होतात. पुढे तपास करणारा प्राध्यापक त्याच न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडतो आणि वाट पाहत उभा राहतो.