आगोट

आगोट म्हणजे कोकणातल्या घरांनी पावसाळ्याच्या तोंडावर उरकायची कामे आणि चार महिन्यांची बेगमी. बहुतेक कामांना होळीनंतर हात लागतो आणि मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत, ती संपवावी लागतात. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल, बेभरवशाचा होतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, मजुरी लावणीपुरती मिळते आणि नवे भात घरात यायला दसरा-दिवाळी उजाडते. एखाद्या घराची खरी स्थिती पाहायची असेल तर ती मे महिन्यात नव्हे, जुलैच्या अखेरीस पाहावी.

सगळ्यात खर्चाचे काम छपराचे. कौले परतताना छपरावर चढून एकेक ओळ उतरवतात, खाली साचलेला पाला आणि माती झाडतात, फुटकी कौले बदलतात, कुजलेल्या किंवा वाळवी लागलेल्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) काढून नव्या ठोकतात आणि शेवटी कोने, म्हणजे आढ्यावरची कौले, बसवतात. पाला राहिला तर पाणी अडून कौलाच्या वरच्या कडेने आत उतरते. गळती दिसते एका जागी आणि तिचे मूळ असते दोन हात वर. वानरांच्या उड्यांनी फुटणारी कौले हा दरवर्षीचा खर्च झाला आहे. छप्पर धड असूनही भिंत ढासळू शकते, कारण पाऊस नैर्ऋत्येकडून तिरपा येतो आणि मातीत रचलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांमधली माती धुऊन नेतो. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांची किंवा पेंढ्याची झड बांधतात. दिवाळीनंतर अंगणात घातलेला मांडव याच सुमारास उतरवतात. त्याचे खांब आणि झापे (विणलेल्या झावळ्या) झडीला कामी येतात. आता झावळ्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी निळी ताडपत्री दिसते. ती स्वस्त पडते, पण एका पावसाळ्यानंतर चिरते.

सरपण मेमध्ये तोडून भागत नाही. ऐन, किंजळाच्या फांद्या माघ-फाल्गुनात तोडल्या तरच मेअखेर पुरत्या वाळतात. ओली लाकडे पडवीत रचली की धूर होतो आणि बुरशीही चढते. शेणी उन्हाळाभर थापून, दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवून गोठ्याच्या माळ्यावर ठेवतात. गॅसची टाकी आता बहुतेक घरांत आली आहे, पण आंघोळीचे पाणी आणि गुरांचे आंबोण (शिजवलेले खाद्य) अजून चुलीवरच होते, कारण टाकी चार महिने पुरवायची असते.

धान्यात पहिला मान उकड्या तांदळाचा, कारण सकाळची पेज त्याची. भात रात्रभर पाण्यात भिजत घालतात, सकाळी मोठ्या भांड्यात टरफल उकलेपर्यंत उकडतात आणि चटईवर पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवतात. कमी वाळले तर तांदळाला वास येतो, जास्त वाळले तर गिरणीत कण्या होतात. भात दाताखाली कटकन तुटले की झाले, असा अंदाज. कुळीथ, चवळी, वाल यांना ऊन देऊन राख चोळतात आणि डब्यात भरतात. इथे नेहमीची चूक एकच: उन्हातून आणलेले कडधान्य गरम असतानाच झाकण लावणे. आत घाम सुटतो आणि आषाढात डबा उघडला की पोरकिडे.

सुक्या मासळीत जवळा, सोडे, बोंबील आणि खारे बांगडे घेतात. वाळूवर पसरून वाळवलेला जवळा स्वस्त मिळतो, पण चाळणीतून काढल्यावर वजन घटते. जाळ्यावर वाळवलेला महाग असला तरी शेवटी तोच परवडतो. घरी आणल्यावर पुन्हा एक-दोन उन्हे देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरतात. आमसुलांसाठी रातांबे (कोकमाची फळे) फोडून बी आणि गर वेगळे करतात, रसात मीठ घालून साली त्यात बुडवून वाळवतात, आणि साल काळपट होऊन मऊ राहीपर्यंत हे रोज करतात. रातांबा पिकतो नेमका मेमध्ये, त्यामुळे वळिवाची एक सर आली की अंगणातला माल बुरसतो. बियांपासून काढलेले कोकमाचे तेल लावणीच्या चिखलाने भेगाळलेल्या पायांना लावतात. फणसाच्या आठळ्या लाल माती फासून कोपऱ्यात ठेवल्या की श्रावणापर्यंत टिकतात.

शेताची आगोट म्हणजे राब. भाताचे रोप करायच्या जागेवर शेण, झाडांची कवळे (तोडलेल्या पानांच्या डहाळ्या), पालापाचोळा आणि वर बारीक माती असे थर देऊन वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवतात, म्हणजे आग सावकाश सरकते आणि तणाचे बी जळते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची (स्थापना १९७२) शिफारस गादीवाफ्यांची, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यांची, आहे आणि तीच बरी, कारण कवळासाठी झाडे बोडकी करावी लागत नाहीत. एक हेक्टर लावणीला सुमारे १० गुंठ्यांची रोपवाटिका लागते. रोहिणी नक्षत्रात धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत) केली तर रोप लवकर मिळते; मात्र पहिल्या सरीने उगवल्यावर पाऊस दडी मारून बसला तर बियाणे दुसऱ्यांदा विकत घ्यावे लागते.

या सगळ्याला रोकड लागते आणि ती एप्रिल-मेमध्येच येते: काजू बी, थोडे आंबे, रातांबे, बागेतली मजुरी. आंब्याची कलमे मोठ्या बागायतदाराकडे असतात. छोट्याची पाच-दहा झाडे मोहोरावरच कराराने दिलेली असतात आणि ते पैसे तोवर खर्चलेलेही असतात. उरलेली भर मुंबईची. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या तिथल्या कापड गिरण्यांच्या संपाने ही भर अनेक घरांची एकदम तुटली. पुरुषही तिकडेच असतात: २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. राब, सरपण, वाळवणे बायका करतात; वर डोंगरउताराच्या वाड्यांत याच दिवसांत विहिरी आटलेल्या असल्याने पाणीही लांबून आणतात. छपरावर चढणारा गडी तेवढा मजुरीने सांगावा लागतो, आणि मेअखेर तो सगळ्यांनाच हवा असतो.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आले तेव्हा मंडणगड-दापोलीत परतलेली कौले उडाली. तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्यात आले, तेव्हा आंबा झाडावर आणि वाळवणे अंगणात होती. अशा वर्षी, किंवा रोकड नसलेल्या घरी कोणत्याही वर्षी, आगोट अर्धी राहते. मग मेमध्ये किलोने घ्यायचे सामान जुलैमध्ये पाव-पाव किलोने, चढ्या भावाने आणि उधारीवर येते. दुकानदार वही गणपतीपर्यंत थांबवतो, कारण तेव्हा चाकरमानी गावी येतात.