सतीश गुजराल

सतीश गुजराल (२५ डिसेंबर १९२५ – २६ मार्च २०२०) हे भारतीय चित्रकार, भित्तिशिल्पकार, मूर्तिकार आणि वास्तुरचनाकार. त्यांचा जन्म अविभाजित पंजाबातील झेलम येथे झाला. माजी पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल हे त्यांचे थोरले बंधू. वयाच्या आठव्या वर्षी काश्मीरमध्ये पूल ओलांडताना ते नदीत पडले. त्या अपघातानंतर पायाला कायमची इजा झाली व ऐकूही येईनासे झाले. १९३९ मध्ये लाहोरच्या मेयो कलाशाळेत आणि १९४४ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी प्रवेश घेतला. मात्र आजारपणामुळे १९४७ मध्ये मुंबईतील शिक्षण अर्धवट सोडावे लागले. फाळणीची होरपळ त्यांनी जवळून पाहिली होती. त्या काळातील त्यांच्या चित्रांत शोकाकुल, वस्त्रांत गुरफटलेल्या आकृती वारंवार येतात.

१९५२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते मेक्सिकोला गेले आणि तेथे दिएगो रिव्हेरा व दाव्हिद सिकेरोस या मेक्सिकन भित्तिचित्रकारांच्या सहवासात भित्तिचित्रण शिकले. हे दोघेही त्या सुमारास मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय विद्यापीठाच्या इमारतींसाठी रंगीत दगड आणि मोझेइक (रंगीत तुकड्यांची जडणघडण) वापरून उत्थित, म्हणजे पृष्ठभागातून पुढे आलेल्या आकृतींची कामे करत होते, म्हणजे भिंतीवरचे चित्र शिल्पाकडे सरकू लागले होते. गुजराल यांची पुढील वाटचाल पाहता, तेथील भित्तिचित्रांतल्या मेक्सिकन क्रांतीच्या आशयापेक्षा माध्यमांचे हे स्वातंत्र्य त्यांना अधिक मानवले असावे. भारतात परतल्यावर त्यांनी भाजलेली माती, काच, धातू, लाकूड अशा साहित्यातून भित्तिशिल्पे घडवली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या बाहेरील भिंतीवरचे अक्षराकृतींचे भित्तिशिल्प त्यांपैकी विशेष परिचित आहे. पुढे त्यांनी जाळून काळ्या केलेल्या लाकडाची शिल्पे केली. कोळशासारख्या त्या पृष्ठभागावर कवड्या व मणी बसवल्यामुळे ती एखाद्या अनामिक पंथाच्या पूजावस्तूंसारखी भासतात.

भिंत सजवणारा हा कलावंत अखेर भिंती उभारण्याकडे वळला. वास्तुशास्त्राची पदवी नसताना त्यांनी नवी दिल्लीतील बेल्जियमच्या दूतावासाचा आराखडा केला. १९८० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झालेली, विटांच्या कमानी व घुमटाकार छपरांची ही वास्तू खुद्द एखाद्या मोठ्या शिल्पासारखी घडवलेली आहे. तिच्यासाठी बेल्जियमने त्यांना ‘ऑर्डर ऑफ द क्राउन’ हा सन्मान दिला. गोवा विद्यापीठाच्या परिसराची रचनाही त्यांचीच. १९९९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. उतारवयात शस्त्रक्रियेमुळे, सहा दशकांहून अधिक काळानंतर, त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागले. दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.