यूचे फाळके आणि मद्यावरचा कर

धनुष्याचं लाकूड करवतीने चिरत नाहीत, पाचरी ठोकून फाडतात. करवत आपल्या रेषेत जाते, तंतू तोडते, आणि तंतू तुटला तिथेच पुढे धनुष्य तडकतं. पाचरीने गेलेली चीर तंतूंच्या वाटेने जाते. खोडात पीळ असेल तर तिथल्या तिथे कळतो. यू या सदाहरित झाडाचे असे माणसापेक्षा उंच फाळके हा पंधराव्या शतकातल्या इंग्लंडचा युद्धमाल होता.

चर्चच्या आवारातले यू धनुष्यांसाठीच लावले, ही गोष्ट तिकडे अजून सांगतात. मला ती पटत नाही. ती झाडं आखूड बुंध्याची, गाठाळ. दोन मीटर बिनगाठीचा फाळका हवा तर डोंगरात हळूहळू वाढलेलं झाड लागतं. म्हणून माल आल्प्सकडच्या जंगलांतून येई.

तो आटू लागला तेव्हा १४७२ च्या कायद्याने व्यापारी जहाजांवर दर टन मालामागे चार फाळके आणण्याची सक्ती केली. १४८४ मध्ये गोड मद्याच्या प्रत्येक पिंपामागे दहा. शेकड्याचा भाव दोन पौंडांवरून आठ पौंडांवर गेला, याचं खापर कायद्याने इटालियन व्यापाऱ्यांच्या संगनमतावर फोडलं. व्यापारी साधू नव्हतेच. पण सक्तीने मागणी वाढते, झाडं वाढत नाहीत. यूला फाडण्याजोगं व्हायला शंभर वर्षंही कमी पडतात. १५६२ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या सरकारने पवित्र रोमन सम्राटाकडे तोड थांबवण्याची विनवणी केली: मधला यू काढला की जंगलाच्या छत्रात भोक पडतं, वारा शिरतो आणि शेजारची झाडंही आडवी होतात. सहा वर्षांनी जर्मनीतल्याच सॅक्सनीत यू तोडण्याचा मक्ता मागितला गेला, तर तोडायला यूच उरला नव्हता.

१५९५ च्या सुमारास इंग्रज सैन्याने धनुष्य सोडलं. बंदूक आली म्हणून, असं एका ओळीत उरकतात. रिकाम्या जंगलांचा उल्लेख क्वचितच होतो.

त्याआधी १५४५ मध्ये बुडालेली इंग्रज युद्धनौका 'मेरी रोज' १९८२ मध्ये वर काढली. तिच्यावरची शंभराहून अधिक धनुष्यं अखंड मिळाली. पाठीला, म्हणजे धनुर्धराच्या पलीकडच्या बाजूला, बाहेरचं फिकट लाकूड, पोटाला, म्हणजे त्याच्याकडच्या बाजूला, आतला तांबूस गाभा. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाजवळही यूचंच धनुष्य होतं, अर्धवट तासलेलं.

अमेरिकेतले आजचे कारागीर बहुधा ओसेज ऑरेंज या तिथल्याच झाडाकडे वळतात. त्याची साल आणि बाहेरचं फिकट लाकूड मात्र ते काढून टाकतात, आणि पाठीवर वाढीचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखतात. तोडलेल्या दिवशीच दोन्ही टोकांना सरस किंवा मेण फासतात. नाहीतर टोकं आधी वाळतात आणि पाचर न मारताच उलतात.