पुलावर छप्पर कशासाठी?

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट नावाचं छोटंसं, डोंगराळ, शेतीवाडीचं राज्य आहे. तिथल्या ओढ्या-नद्यांवर शंभराच्या आसपास जुने लाकडी पूल अजून उभे आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पुलांवरून आजही गाड्या जातात. या पुलांना दोन्ही बाजूंनी फळ्यांच्या भिंती असतात आणि वर चक्क उतरतं छप्पर.

हे छप्पर कशासाठी, असं विचारलं तर नाना उत्तरं मिळतात. वाटसरूंना पावसात आडोसा मिळावा म्हणून. खालचं पाणी पाहून घोडे बुजू नयेत म्हणून. पुलावर बर्फ साचू नये म्हणून. बर्फाची गोष्ट तर सपशेल उलटी आहे. हिवाळ्यात तिथं माणसं आणि माल बिनचाकी घसरगाड्यांवरून जायचा. छपराखालच्या कोरड्या फळ्यांवर या गाड्या अडायच्या, म्हणून गावं मजुरी देऊन पुलाच्या आत मुद्दाम बर्फ पसरून घ्यायची.

छप्पर आहे ते पुलाच्या सांध्यांसाठी.

पुलाचा भार दोन्ही बाजूंच्या कैच्या पेलतात. लाकडाचे लांब दांडे त्रिकोणांत जोडले की कैची होते. चौकोनाला कोपऱ्यातून दाबलं तर तो कलतो; त्रिकोण मात्र त्याची एखादी बाजू ताणली, दबली किंवा मोडली तरच आकार सोडतो. त्यामुळे पुलावरून जड बैलगाडी गेली तरी तिचं वजन दांड्यांमध्ये ताण आणि दाब होऊन वाटलं जातं आणि अखेर काठावरच्या दगडी बांधकामात उतरतं. लाकूड तंतूंच्या दिशेनं भलतंच चिवट असतं, दांडा सहसा मोडत नाही. दगा देतो तो सांधा. सांध्यासाठी लाकूड कापावं लागतं, खाच घ्यावी लागते, भोक पाडावं लागतं. कापलेल्या टोकाशी तंतूंच्या बारीक नळ्या उघड्या पडतात आणि बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटीनं भराभर पाणी ओढून घेतात. खाचेत मुरलेलं हे पाणी लवकर सुकतही नाही, कारण तिथं वारा पोचत नाही.

लाकूड कुजवते ती बुरशी. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिला, तर या बुरशीला तिथं बस्तान बसवता येत नाही. तंतूंच्या भिंती पाण्यानं पुऱ्या भरल्या, म्हणजे ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास गेला, की तिचं फावतं. काही बुरश्या लाकडातलं सेल्युलोज खाऊन टाकतात आणि मागे उरतो तो तपकिरी, बोटानं चुरडता येईल असा भुसभुशीत भाग. उघडा लाकडी पूल असाच दहा-वीस वर्षांत सांध्यांपासून खिळखिळा व्हायचा. छप्पर आणि भिंती आल्या की तेच लाकूड शंभर-दीडशे वर्षं कोरडं राहतं. कोकणात पावसाच्या झडीपासून घर वाचवायला ओटीवर नारळाची झापं बांधतात, तोच हा विचार.

अमेरिकेत हा विचार पहिल्यांदा अमलात आला तो फिलाडेल्फियाजवळ स्कूलकिल नदीवर. टिमोथी पामर या सुतार-अभियंत्यानं तिथं मोठा लाकडी पूल उभारला. पूल बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते न्यायाधीश रिचर्ड पीटर्स. एवढा खर्च केलाय तर त्यावर छप्पर घाला, असा त्यांनी आग्रह धरला, आणि १८०५ मध्ये अमेरिकेतला पहिला ज्ञात छपराचा पूल पुरा झाला.

पण हे पूल गावोगाव पोचले ते इथिएल टाउन या वास्तुरचनाकारामुळे. १८२० मध्ये त्यानं एका नव्या कैचीचं पेटंट घेतलं, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत सुंदर कल्पना हीच. जाडजूड तुळया, किचकट कुसू-खाचा यांना त्यानं फाटा दिला. साध्या चिरकाम केलेल्या फळ्या तिरप्या, एकमेकींना छेदत जाळीसारख्या रचायच्या आणि जिथं त्या छेदतात तिथं भोक पाडून लाकडी खुंट्या ठोकायच्या. जवळून पाहिलं तर एकेका छेदावर ओकच्या खुंट्यांची गोल डोकी ओळीनं दिसतात. एखादी फळी निकामी झाली तरी भार शेजारच्या फळ्यांकडे सरकतो. शिवाय अशी जाळी गावच्या साध्या सुतारांनाही जमण्यासारखी होती. पुढे १८४० मध्ये विल्यम हाऊनं उभ्या लोखंडी सळया घातलेली कैची आणली; ती रेल्वेला जास्त मानवली.

टाउनच्या जाळीचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे व्हरमाँटमधलं विंडसर आणि न्यू हॅम्पशरमधलं कॉर्निश यांना जोडणारा कनेटिकट नदीवरचा पूल. या जागचे आधीचे तिन्ही पूल गेले, म्हणून १८६६ मध्ये जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी हा चौथा बांधला. लांबी सुमारे ४५० फूट, गाळे फक्त दोन, मध्ये नदीत एकच दगडी खांब. जाळीसाठी त्यांनी फळ्यांऐवजी चौकोनी वासे वापरले. पुलाच्या तोंडाशी पाटी आहे: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. दौडणाऱ्या घोड्यांच्या टापांचे ठोके एका लयीत पडले तर पूल हलायला लागेल, खुंट्या सैल होतील, ही त्यामागची काळजी. १९४३ पर्यंत इथं टोल होता. १९८०च्या दशकाच्या शेवटी मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा चिकटवलेल्या थरांच्या नव्या तुळया बसवल्या. जुनं लाकूड गेलं म्हणून हळहळणारे तेव्हाही होते. मला मात्र रहदारी बंद करून पूल शोभेला ठेवण्यापेक्षा नवं लाकूड घालून तो वापरात ठेवणं केव्हाही बरं वाटतं.

छप्पर पावसाला अडवतं. पुरापुढे त्याचं काही चालत नाही. नोव्हेंबर १९२७ च्या महापुरानं व्हरमाँटमधले हजाराहून अधिक पूल नेले, त्यांत छपराचेही कितीतरी होते. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाच्या पावसानं बार्टन्सव्हिलचा १८७० सालचा पूल गेला. त्याची जाळी तुटली नव्हती. काठाचा आधार पाण्यानं खणून काढला आणि अख्खा पूल खाली येऊन प्रवाहाला लागला. लोकांनी मोबाइलवर टिपलेलं ते दृश्य बघवत नाही. न्यूयॉर्क राज्यातला १८५५ चा ब्लेनहाइम पूल, सलग २१० फुटांचा एकच गाळा असलेला, त्याच दिवशी गेला. दोन्ही ठिकाणी लोकांनी छपराचा लाकडी पूलच पुन्हा उभारला. बार्टन्सव्हिलला तर टाउनच्याच जाळीचा.

एरवी या पुलांना खरा धोका असतो तो उंच ट्रकचा आणि धुळीचा. लिंडन गावातल्या मिलर्स रन पुलाला असे ट्रक पुन्हा पुन्हा धडकले आहेत. धूळ दिसायला निरुपद्रवी, पण गाड्यांच्या चाकांसोबत आलेली माती खालच्या तुळयांच्या टोकांशी, दगडावर टेकलेल्या भागात साचते आणि ओल धरून ठेवते. वर छप्पर शाबूत असूनही लाकूड तिथं खालून कुजू लागतं. म्हणून तपासनीस आधी त्याच जागी जातात. दोन सुया लाकडात खुपसून त्यांच्यामधला विजेचा रोध मोजतात. लाकूड जितकं ओलं, तितका रोध कमी. त्यावरून निघालेला ओलाव्याचा आकडा २० टक्क्यांच्या वर दिसला की आधी माती झाडून काढायची आणि मग गळती कुठे आहे ते शोधायला वर चढायचं.